अथेन्सच्या फ्लक्शनविषयी थोडी भर

डब टेक्नो, म्हणजे जमैकाच्या डब संगीतातले प्रतिध्वनी आणि टेक्नोचा ठेका यांचा मेळ घालणारे इलेक्ट्रॉनिक संगीत. त्याचा उगम सांगणाऱ्या एका लेखात लेखकाने बर्लिनवर भर दिला आहे आणि ग्रीक संगीतकारांचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले. मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस या संगीतकारांच्या चेन रिअॅक्शन या बर्लिनच्याच रेकॉर्ड लेबलवर 1999 मध्ये ‘व्हायब्रंट फॉर्म्स’ हा अल्बम आला. तो करणारा फ्लक्शन, म्हणजे कॉन्स्टँटिनोस सुब्लिस, हा ग्रीक आहे. रात्री दिवे मालवून हेडफोनवर हा अल्बम ऐकला, तेव्हा पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही असे वाटले. मग लक्षात आले की एकच आखूड कॉर्ड (एकत्र वाजणारे काही सूर) पुन्हा पुन्हा येतो आहे, पण प्रत्येक वेळी त्याचा प्रतिध्वनी जरा वेगळा विरतो, आवाजाचा काही भाग गाळणारा फिल्टर किंचित उघडतो आणि मागची खरखर श्वासासारखी वरखाली होते. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये ध्वनि-अभियंते किंग टबी यांनी मिक्सिंगचा टेबल हेच वाद्य मानून जे डब संगीत केले, त्याचीच ही दूरची, अतिशय संयमी शाखा आहे. शुद्ध अँबियंटची, म्हणजे ठेक्यापेक्षा वातावरणावर भर देणाऱ्या संगीताची, आवड असणाऱ्यांनी ग्रीक संगीतकार साव्वास इसाटिस यांचे अमेरिकी संगीतकार टेलर डुप्री यांच्यासोबतचे ‘सेटी’ या नावाने केलेले 1990च्या दशकातील कामही अवश्य ऐकावे. मात्र फ्लक्शनचा अल्बम मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नये, कारण त्यातला खर्ज तिथे पोहोचतच नाही आणि खर्ज गेला की ही रचना निम्मीच उरते.