जुन्या दगडी पुलावर खोदकाम : त्या मेसेजमधलं खरं किती?

'100 वर्षांवरचा दगडी पूल आपोआप संरक्षित असतो, तिथे पाइप किंवा केबल टाकणं गुन्हा आहे,' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

1958च्या केंद्रीय कायद्यात 100 वर्षं ही फक्त किमान अट आहे. वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून अधिसूचित झाली तरच ती केंद्राच्या संरक्षणाखाली येते. राज्याच्या यादीसाठी महाराष्ट्राचा 1960चा वेगळा कायदा आहे. केंद्राने अधिसूचित केलेल्या वास्तूभोवती 100 मीटर बांधकामाला प्रतिबंधित, पुढचे 200 मीटर नियंत्रित. पण त्यातही सार्वजनिक पाणीपुरवठा, गटारं आणि वीजवितरणाची कामं 'बांधकामा'च्या व्याख्येतून वगळली आहेत. प्रत्यक्ष संरक्षित क्षेत्रात मात्र परवानगीशिवाय खोदता येत नाही.

म्हणजे यादीत नसलेल्या पुलाला या कायद्यांचं कवच नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. कमानीच्या पुलात डांबराखाली माती-मुरुमाचा भराव असतो. कमानीच्या माथ्यावर तो अगदी कमी जाडीचा असतो. जेसीबीचा दात थेट कमानीच्या दगडाला लागू शकतो. म्हणून तिथे कुदळ-फावड्यानेच चर घ्यावा आणि पुरातत्त्वाचा जाणकार शेजारी उभा असावा. जुनी फरसबंदी, चुन्याचा थर, आधीच्या दुरुस्तीचे सांधे दिसले की मोजमाप, फोटो, नोंद, मगच पाइप. याने काम बंद पडत नाही.

'पुरातत्त्ववाले आले म्हणजे खजिना सापडला' हेही खोटं. मौल्यवान काही निघालंच, तर 1878च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.