एका पेशंटची विहीर

आमच्या माडीवर शॉवर आहे. म्हणजे शॉवरच्या आकाराची एक वस्तू आहे. सकाळी तिच्याखाली उभं राहिलं की जे पडतं ते मोजता येतं. गच्चीवरची टाकी शॉवरच्या वर जेमतेम दोन मीटर. दहा मीटर उंचीच्या पाण्याने चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा दाब मिळतो, हे शाळेत पाठ केलं होतं. दोन मीटरने जो मिळतो त्याला दाब म्हणत नाहीत, विनंती म्हणतात. खांडेपार नदीवरचा ओपाचा प्रकल्प आमच्या फोंड्याच्या जवळच. तिथलं पाणी पार पणजीपर्यंत जातं, पण आमच्या अंगणातून माडीवर चढायचं म्हटलं की त्याचे गुडघे दुखतात.

प्लंबरला फोन केला की तो म्हणतो, "फाल्यां येतां." कोकणीत फाल्यां म्हणजे उद्या. प्लंबरच्या तोंडी मात्र तो दिवस नसतो, निरोप घ्यायची रीत असते.

ज्याला स्वतःच्या डोक्यावर धड पाणी पाडता येत नाही, त्याने साठ बुटक्यांच्या पाणीपुरवठ्याचं कंत्राट घ्यावं का? मी घेतलं. दोष भाच्याचा. आषाढात तो चार दिवस राहायला आला, पावसाने बाहेर पडता येईना, म्हणून त्याने माझ्या लॅपटॉपवर 'ड्वार्फ फोर्ट्रेस' नावाचा खेळ टाकला आणि पाऊस थांबल्यावर निघून गेला. खेळ राहिला.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन भावांनी तो केला. टार्न गणितातला पीएचडी. २००६ साली खेळ लोकांपुढे आला तेव्हा त्यात चित्रं नव्हतीच, सगळा पडदा अक्षरांनी आणि चिन्हांनी भरलेला. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांची आवृत्ती निघाली, आणि आमच्यासारख्यांची सोय झाली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्येच तो आपल्या संग्रहात घेतला होता. हे मी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "म्युझियममधल्या वस्तूंना हात लावायचा नसतो ना?"

करायचं काय, तर सात बुटके घेऊन डोंगरात घुसायचं आणि गड कोरायचा. सातांचे हळूहळू साठ होतात. प्रत्येकाला नाव, आवडीनिवडी, रुसवेफुगवे. उरिस्त नावाचे तर माझ्याकडे एकाच वेळी तिघे होते. बुटके दारूवर जगतात. ती मिळाली नाही तर कामं रेंगाळतात आणि तोंडं उतरतात. पाण्याला ते सहसा शिवत नाहीत. (इथे आमच्या अण्णांनी, "म्हणजे आपल्याकडचेच म्हणायचे," असा शेरा मारला. नोंद करून पुढे जातो.)

मग पाणी कशाला? तर आजाऱ्यासाठी. इस्पितळात पडलेल्या बुटक्याला दारू चालत नाही, त्याला बादलीने पाणीच आणून द्यावं लागतं. तीन उरिस्तांपैकी मधला खाण खणताना वरून पडला आणि पाय मोडून घेतला. बाकीचे एकोणसाठ मजेत पीत होते. या एकट्यासाठी मी विहीर बांधायला काढली.

नदी वर, डोंगराच्या माथ्यावर. इस्पितळ सहा मजले खाली. योजना सोपी होती. नदीतून चर काढायचा, तो खाली आणायचा, इस्पितळाखाली हौद कोरायचा, हौदाच्या छताला भोक पाडून वर विहीर बसवायची. मधे एक फ्लडगेट, म्हणजे पाणी अडवणारं दार. ते उघडायला एक लिव्हर. सुदैवाने तेव्हा हिवाळा होता आणि नदी गोठली होती. मी गोव्याचा माणूस. बर्फ म्हणजे मासळी बाजारात बांगड्यांवर घालतात तो, एवढीच आमची ओळख. आख्खी नदी बर्फाची झालेली बघून मी हरखलो. खणणारे बुटके निवांत खणत होते, कुणी वाहून गेलं नाही. लिव्हर कुठे लावावा याचा मी बराच विचार केला आणि तो इस्पितळातच लावला, विहिरीच्या बाजूला. हाताशी असावा म्हणून. हे वाक्य लक्षात ठेवा.

वसंत आला. बर्फ वितळला. मी लिव्हर ओढायचा हुकूम सोडला.

या खेळात तुम्ही स्वतः काही ओढत नाही. हुकूम सोडायचा, मग कुणी रिकामा बुटका असेल तर तो घेतो. घेतलेला बुटका वाटेत तहान लागली म्हणून पिंपाकडे वळला. तिथून झोपायला गेला. त्याचं काम दुसऱ्याने उचललं, तो निघाला, पोचला, लिव्हर ओढला. तरीही काही नाही. लिव्हर ओढल्यावर फ्लडगेट खेळाच्या घड्याळाचे शंभर ठोके विचार करतं, मग उघडतं. एवढं सरकारी वळणाचं यंत्र मी दुसऱ्या कुठल्याही खेळात पाहिलेलं नाही.

आणि मग ते उघडलं.

इथे पाण्याचं शास्त्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खेळात प्रत्येक चौकोनातलं पाणी एक ते सात आकड्यांत मोजतात. एक म्हणजे पाय ओले, सात म्हणजे छतापर्यंत. माझा हौद एक, दोन, तीन करत भरत होता आणि मी खुर्चीत पाय हलवत होतो. सगळीकडे सात झाले. विहीर चालू झाली. मी बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत विहिरीच्या तोंडातून पाणी वर येऊन इस्पितळात पसरलेलं होतं. आधी एक. मग दोन.

खेळातलं पाणी आपण कुठून आलो ते विसरत नाही. त्याला खाली नेऊन बंदिस्त जागेत कोंडलं, की ते जिथून निघालं जवळपास त्या उंचीपर्यंत परत चढू बघतं, आणि वाटेत जे भोक सापडेल त्यातून बाहेर पडतं. नदी सहा मजले वर, म्हणजे त्या पाण्याला सहा मजले चढायची मुभा. विहीर त्याला अडवत नाही, ती काय झाकण थोडीच आहे? खऱ्या नळात पाणी घासतं, दमतं, वेळ घेतं. इथे त्याला ना थकवा, ना घर्षण. आमच्या शॉवरचं पाणी वीस पावलांत जी हिंमत हरतं, ती सगळी या पाण्याने उचलली होती.

फ्लडगेट बंद करायला लिव्हर ओढायला हवा. लिव्हर इस्पितळात. इस्पितळात पाणी चार. चारला बुटके पोहू लागतात, आणि माझ्या बुटक्यांनी पोहण्याचा क्लास लावलेला नव्हता.

तरी एक आशा होती. इस्पितळाला मी दार बसवलं होतं, आणि खेळात बंद दार पाणी अडवतं. मी दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं. का? तर उंबऱ्यात कुणाचा तरी मोजा पडला होता. दारात वस्तू असली की दार लागत नाही. एक मोजा! मी मोठी प्रतिमा करून बघितली. त्याच्यावर शिवणाऱ्याचं नावही होतं. तो मोजा उचलायला एक बुटका निघाला. चांगला, टापटिपीचा बुटका. तो सर्वांत आधी गेला.

नंतरचं लिहीत नाही. पाणी जेवणघरात शिरलं, मग पिंपांच्या खोलीत, मग जिन्याने वर. शेवटचे तिघे माथ्यावर नदीकाठी उभे राहिले, जिथून मी चर काढला होता तिथेच. या खेळाचं ब्रीद आहे, हरण्यात मजा आहे. बायको मागे उभी राहून म्हणाली, "एका पायासाठी साठ माणसं?" मी तिला माणसं नव्हे बुटके, असं सांगू शकलो असतो, पण सांगितलं नाही.

हे सगळं अण्णा चहाची कपबशी घेऊन बघत होते. अण्णांचं आजोळ मडकईचं. खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, आणि खारं पाणी यांत त्यांचं बालपण गेलेलं. त्यांना खेळ कळला नाही, पण पाणी एका मिनिटात कळलं.

"मानस कुठाय तुझी?"

मी फ्लडगेटवर बोट ठेवलं.

"ही? आणि हिला माणूस लागतो उघडायला?" त्यांनी बशीतला चहा संपवला. "आमच्या मानशीला माणूस लागत नाही. लाकडी फळ्या असतात. भरती आली की पाणी बाहेरून रेटतं, फळ्या आपोआप मिटतात, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटीला आतलं पाणी रेटतं, फळ्या उघडतात. रात्री दोन वाजता भरती आली तरी कुणी उठत नाही. तुझा तो दारू प्यायला गेलेला..."

"तो उरिस्त."

"असू दे. आणि एवढं पाणी तू सरळ खाली सोडलंस? कुळागरात, पोफळीच्या बागेत, पाट कसा असतो बघितला आहेस ना? सरळ उताराला सोडला तर पोफळीची मुळं उघडी पाडेल. त्याला वाकण द्यायचं. वळणावर पाण्याचा माज उतरतो."

मी भाच्याला फोन लावला. म्हटलं, अण्णा म्हणतात पाण्याला वळण द्यायचं, काय समजतंय यांना. पलीकडे क्षणभर शांतता. मग भाचा म्हणाला, "मामा, तेच तर करायचं असतं. डायगोनल." झालं असं, की या खेळात पाणी तिरकं, कोपऱ्यातून कोपऱ्यात जाऊ शकतं, पण जाताना त्याचा दाब मात्र अलीकडेच राहतो. सगळ्या चरात एक तिरकी जागा ठेवली की पलीकडे पाणी साधं, गरीब, आपल्या पातळीला राहणारं होतं. खेळणारे वर्षानुवर्षं हेच करतात. अण्णांना मी हे सांगितलं नाही. त्यांना आधीच कळलं होतं, कारण फोन स्पीकरवर होता.

याच सुमारास, म्हणजे एका फाल्यांला, खरोखरच प्लंबर उगवला. माडीवरची पाइपलाइन बघत तो भिंतीवरून बोट फिरवत गेला आणि मोजू लागला. नऊ एल्बो, म्हणजे पाइप काटकोनात वळवणारे सांधे. "इतले एल्बो कोणें घाले?" तो चिडून म्हणाला. आठ वर्षांपूर्वी त्यानेच घातले होते, पण प्लंबर आलेला असताना इतिहास काढायचा नसतो. मी एवढंच म्हणालो, "वळणावर पाण्याचा माज उतरतो ना?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली जाऊन त्याच्यासाठी चहा टाकला.

नऊ एल्बो काढायचे तर भिंत फोडावी लागली असती. त्यापेक्षा गच्चीवर प्रेशर पंप बसवू, असं ठरलं. नळ उघडला की आपोआप चालू, मिटला की बंद. मला मनापासून आवडला. अण्णांची मानसच ती, फक्त विजेवरची. संध्याकाळी मी माडीवर शॉवर सोडला आणि पाण्याने मला मागच्या फरशीला टेकवलं. आठ वर्षांत पहिल्यांदा डोक्यातला साबण गेला. मी गाणं म्हणत होतो, म्हणून अण्णांची पहिली हाक ऐकू आली नाही.

पंपाची लाइन सगळ्या घराला जोडली होती, आणि तळमजल्याला मुळात दाबाची काही ददात नव्हती. टाकी त्यांच्यापासून सहा मीटर वर. त्यावर हा पंप. अण्णांच्या न्हाणीघरातला हँडशॉवरचा पाइप सॉकेटमधून सुटून फणा काढून नाचत होता आणि अण्णा बादली पुढे धरून कोपऱ्यात उभे होते.

"मेन कॉक बंद कर!"

मेन कॉक. तीन वर्षांपूर्वी वॉशिंग मशीन घेतलं तेव्हा ते ठेवायला जागा नव्हती. मीच म्हटलं होतं, कॉकच्या पुढे ठेवू, मशीन थोडं ओढलं की हात पोचतो, हाताशीच आहे. मशीन ओढलं. ओल्या फरशीवर ते यायचं तेवढं आलं आणि अडकलं. लेकीला ओरडून सांगितलं, गच्चीवर जाऊन पंपाचा स्विच बंद कर. ती "हो" म्हणाली. जिन्यापर्यंत गेली. तिथून फ्रिजकडे वळली, तहान लागली होती म्हणून. मी तिला मोठ्याने उरिस्त म्हणालो. घरात अजून कुणी मला ते माफ केलेलं नाही.

आता तळमजल्याला वेगळी लाइन आहे आणि पंप फक्त माडीला. प्लंबरने त्याचे वेगळे पैसे घेतले आणि जाता जाता अण्णांच्या लाइनला एक एल्बो जास्त घातला, अण्णांच्या खास आग्रहावरून.

रात्री सगळे झोपल्यावर मी दुसरा गड काढला. चरात एक तिरकी जागा, काटकोनाशी फारकत घेतलेली. लिव्हर वरच्या मजल्यावर, कोरड्यात, आणि चुकीचा ओढला जाऊ नये म्हणून आसपास दुसरा एकही नाही. दारांत मोजे नाहीत, मी स्वतः पाहून घेतलं. फ्लडगेट उघडलं. हौद भरला, सगळीकडे सात, आणि पाणी विहिरीच्या तोंडाखाली येऊन थांबलं. मी दहा मिनिटं नुसता बघत होतो. ते थांबलेलंच होतं.

पेशंट मिळायला फार वाट बघावी लागली नाही. एक उरिस्त, इथलाही, कठड्यावरून पडला आणि पाय मोडून आत आला. एक बुटका बादली घेऊन विहिरीवर गेला, पाणी काढलं, त्याला पाजलं. पुन्हा गेला, पुन्हा पाजलं. खेळातले कित्येक दिवस तो माझ्या विहिरीचं पाणी पीत पडून राहिला. हाड सांधलं. एका सकाळी तो उठला, इस्पितळाच्या दारातून बाहेर पडला, विहिरीला वळसा घालून जिना उतरला आणि सरळ पिंपांच्या खोलीत गेला.