बोलेल की, घाई काय आहे?

मूल दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर पालकांनी करावयाची पहिली गोष्ट म्हणजे घराण्यातील असा एखादा पुरुष शोधून काढणे, जो चार वर्षांचा होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढत नव्हता आणि आज मात्र ग्रामसभेत दुसऱ्या कोणाला तोंड उघडू देत नाही. असा पुरुष नसलेले घराणे सातारा जिल्ह्यात आढळत नाही; आपल्याकडे नसलाच, तर मुलाच्या आजोळी असतो. त्याचा दाखला येणाऱ्याजाणाऱ्याला देत राहावे. चार वर्षांनंतरही नीट न बोललेला एखादा चुलताही बऱ्याच घरांत असतो, परंतु तो दिवसभर मेंढरांमागे रानात असल्यामुळे त्याचा दाखला देण्याची पद्धत नाही.

या विषयातील जाणकार मंडळी काही हिशेब सांगतात. मुलाने साधारण एक वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारावा, दुसऱ्या वाढदिवसापर्यंत 'पाणी दे', 'बाबा गेले' असे दोन शब्द जोडावेत, आणि तिसऱ्या वर्षी त्याचे बोलणे घराबाहेरच्या माणसालाही बरेचसे कळावे. भाषा आत्मसात करण्याची मेंदूची तयारी पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक असते, म्हणून शंका येताच तपासावे, असे त्यांचे म्हणणे असते. आपण या घाईला बळी पडू नये. उशिरा बोलणाऱ्यांपैकी बरीच मुले पुढे आपोआप सावरतात हे खरेच आहे, आणि आपले मूल नेमके त्यांतलेच आहे हे कोणत्याही तपासणीवाचून ओळखण्याची विद्या आपल्या गल्लीतील प्रत्येक आजीला अवगत आहे. शिवाय वाट पाहणे हा एकमेव उपचार असा आहे की ज्याला फी पडत नाही. त्याची किंमत पुढे वसूल होते, परंतु ती मुलाकडून होत असल्यामुळे आपल्या खिशाला तोशीस नाही.

कानांची तपासणी तर मुळीच करू नये. तान्ह्या बाळाच्या कानात छोटी नळी बसवून काही मिनिटांत होणारी, न टोचणारी चाचणी अस्तित्वात आहे, परंतु आपल्या घरात स्टीलचे ताट आणि पळी असताना तिची आवश्यकता काय? मुलाच्या पाठीमागे ताट बडवावे. मूल वळले की कान शाबूत असल्याचा निकाल सर्वांसमक्ष जाहीर करावा. ताटाचा, ट्रॅक्टरचा आणि लग्नातल्या डीजेचा आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला 'स', 'श', 'फ' हे बारीक आवाज ऐकू येत नसणे शक्य आहे, आणि जे ऐकूच येत नाही ते त्याच्या जिभेवर येणार कोठून, असला किचकट विचार करणारी माणसे ताट बडवण्याच्या कामी उपयोगी पडत नाहीत.

एवढ्यावर न थांबता घरगुती उपाययोजना सुरू करावी. वेखंड उगाळून जिभेला लावावे, अक्कलकारा मधात चाटवावा. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये हा वैद्यकीय सल्ला शेजारणीला ठाऊक नसेल, तर तिला तो सांगून तिचा हिरमोड करू नये. जिभेखालची शीर चिकटलेली आहे असे एखाद्याने सुचवल्यास ती कापून घेण्यास तत्पर असावे, कारण चिकटलेल्या जिभेने फार तर काही उच्चार अडतात, शब्दच न येण्याचे कारण सहसा निराळे असते, ही बाब कापून झाल्यावर कळली तरी चालते. नवसाचेही तसेच. नवस बोलला जातो, फेडला जातो, जेवणावळ उठते. न बोलणारा एकटाच असतो, आणि त्याला कोणी विचारत नाही. मुलाच्या हाती मोबाईल तर द्यावाच. तीन वर्षांचे मूल इंग्रजीतील दहा रंग ओळीने म्हणते, पण तहान लागल्यावर पाणी मागू शकत नाही, तेव्हा त्याला पाहुण्यांसमोर उभे करून रंग म्हणवून घ्यावेत आणि पाणी आपणच आणून द्यावे.

हे पाणी आणून देणे फार महत्त्वाचे आहे. मुलाने बोट वर करण्याआधी पेला हजर व्हावा, रडण्याआधी बिस्कीट हातात पडावे. कोणी 'तुझं नाव काय रे बाळा?' असे विचारले, तर मुलाने तोंड उघडण्याची वाट न पाहता आजी, आई, आत्या यांपैकी जी जवळ असेल तिने नाव, आडनाव आणि जन्मनक्षत्र सांगून टाकावे. एका घरात बोलणारी इतकी माणसे असताना मुलाने श्रम घेण्याचे कारणच उरत नाही.

तरीही सरकार मध्येच अडथळा आणते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन बालके तपासतात आणि ज्या तीसेक बाबी पाहतात त्यांत ऐकण्यातील दोष आणि भाषाविकासातील विलंबही आहे. पथक येणार असे सेविकेने कळवले, की त्या दिवशी मुलाला पाहुण्यांकडे न्यावे. चुकून तपासणी झालीच आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी हाती पडली, तर ती देव्हाऱ्यामागे, लाईट बिलांच्या गठ्ठ्यात ठेवावी. चिठ्ठी कोठे आहे हे सासूबाईंना माहीत असते, पण त्याही कोणाला सांगत नाहीत.

काही हट्टी आया मात्र जिल्ह्याच्या गावी निघतात. म्हसवडच्या बाईने मुलाला कडेवर घेऊन गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करीत साताऱ्यास यावे, बोलायला शिकवणाऱ्या वाचाउपचाराचे अर्ध्या तासाचे सत्र करावे आणि दिवेलागणीला परत पोहोचावे, हे आठवड्यातून दोनदा. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पाच वर्षांखालील मुलाला तिकीटच नाही, तेव्हा प्रवास स्वस्त झाला हे मान्य केले पाहिजे. बुडालेल्या रोजाला अर्धी सवलत देणारी योजना मात्र अद्याप आलेली नाही, आणि खुरपणीला न आलेल्या बाईला पुढच्या आठवड्यात बोलावलेच पाहिजे असे मालकावर बंधन नाही. चार फेऱ्यांनंतर ती येईनाशी झाली, की कागदावर 'पालकांचे सहकार्य नाही' असा शेरा मारता येतो. मराठीतील इतका काटकसरीचा शेरा दुसरा नसेल.

खाजगी उपचार परवडतात की नाही, याचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहावा. एका सत्राचे पाचशे रुपये धरले आणि आठवड्यातून दोन सत्रे, तर महिन्याचे चार हजार होतात; वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. ऊसतोडीची उचल घेतलेल्या जोडप्याने हा आकडा ऐकून घाबरू नये, कारण मदतीची दारे अनेक आहेत. फक्त प्रत्येक दारावरची पाटी नीट वाचावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, आणि न बोलणाऱ्या मुलाला खाटेवर निजवून सलाईन लावण्याची सोय वैद्यकशास्त्राने अजून केलेली नाही. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. मात्र त्यासाठी मूल स्वमग्न, मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त, बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग किंवा बहुविकलांग असावे लागते. निव्वळ बोलणे लांबलेल्या मुलाने तेवढ्यासाठी आणखी काही जोडून घ्यावे, असे सुचवण्याइतके आम्ही निष्ठुर नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग अवलंबिताकरिता ७५,००० रुपयांची वजावटही मिळते, आणि जो आयकर भरतच नाही त्याने ती घेऊ नये इतके शहाणपण गरिबांना उपजतच असते.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारची दिव्यांगता मानतो. त्यांत वाचा व भाषेची दिव्यांगता आहे, परंतु 'विलंब' नावाचा प्रकार नाही. आरोग्य खात्याच्या यादीत असलेले मूल या यादीत येईपर्यंत वाटेतच उभे राहते. बहुतेक लाभांसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के हवेत, आणि अडीच वर्षांचे मूल किती टक्के बोलत नाही, हे ठरवता ठरवता ते साडेतीन वर्षांचे होते. याच कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो ६ ते १८ या वयात. भाषा शिकण्याची वेळ पहिल्या तीन वर्षांत आणि हक्क सहाव्या वर्षी, ही आखणी ज्याने केली त्याला मुलांची घाई न करण्याचे महत्त्व आपल्या आजींइतकेच कळलेले असावे.

आता एका धोक्याविषयी सावध करणे भाग आहे. अलीकडे काही वाचाउपचारतज्ज्ञ असे म्हणू लागले आहेत की, आठवड्यातील एक तास तज्ज्ञाजवळ आणि उरलेले सगळे जागेपण घरात, तर मग शिकवायला हवे ते आईला. महिन्यातून एकदा भेट, मध्ये मोबाईलवर व्हिडिओ कॉल, आणि रोजचे काम घरी. ते काम ऐकून हसू येईल. मुलासोबत ज्वारी निवडत बसावे, जे हाती येईल त्याचे नाव घ्यावे. मूल 'गाडी' म्हणाले तर 'हो, लाल गाडी आली' असे एक शब्द वाढवून परत द्यावे. पाण्याचा पेला हातात धरून मुलाकडे पाहावे आणि मनात दहापर्यंत अंक मोजत गप्प राहावे. गप्प राहण्याला उपचार म्हणणारे हे लोक! यात यंत्र नाही, टेंडर नाही, उद्घाटनाची फीत नाही. कर्णबधिर मुलाच्या कानात कॉक्लियर यंत्र बसवण्यासाठी सरकार लाखो रुपये देते, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. त्या यंत्रातून येणाऱ्या आवाजाला 'आई' हा अर्थ लावायला शिकवणारी पुढची दोन-तीन वर्षे कोणाच्या छायाचित्रात येत नाहीत, म्हणून त्यांची तरतूदही पातळ असलेलीच बरी.

गावातल्या अंगणवाडी सेविकेला हे शिकवावे असाही एक खुळा विचार मांडला जातो. ती रोज त्याच मुलांमध्ये असते, त्यांच्या आयांना नावानिशी ओळखते, आणि कोणते मूल हाक मारल्यावर वळत नाही हे तिला पथकाच्या आधी ठाऊक असते. अशा बाईच्या हाती विद्या देणे धोक्याचे आहे. तिला आणखी एक नोंदवही द्यावी. खेड्यातील पोराने शाळेपर्यंत यावे याची वाट न पाहता शाळाच खेड्यात नेण्याचा उद्योग कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी सुरू केला, त्याचे परिणाम आपण पाहतोच: त्यांच्याच जिल्ह्यातील पोरे आज वाटेल तेथे जाऊन बोलतात. तीच चूक तीन वर्षांच्या मुलांच्या बाबतीत पुन्हा होऊ देऊ नये.

एवढे सगळे पथ्य पाळले, तर सहाव्या वर्षी जून महिन्यात आपण मुलाचा हात धरून जिल्हा परिषदेच्या शाळेत पोहोचाल. गुरुजी पहिलीचे हजेरीपुस्तक उघडतील, चष्मा नाकावर घेतील आणि मुलाकडे पाहून विचारतील, 'बाळ, तुझं नाव काय?' मूल आपल्या तोंडाकडे पाहील. तेव्हा नेहमीप्रमाणे चटकन उत्तर द्यावे, म्हणजे गुरुजींना दुसऱ्यांदा विचारावे लागणार नाही.