सी प्लस प्लसच्या कोडमध्ये पुन्हा तोच गाळलेला कॉन्स्ट (ही मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन, ऑब्जेक्ट बदलणार नाही असं सांगणारा शब्द)!

थंडीच्या रात्री साडेअकराला माणसाने इंदूरच्या सराफ्यात, त्या रात्रीच्या खाऊबाजारात, गरम गराडू (तळलेला कंद) खावेत. मी मात्र विजय नगरच्या ऑफिसात डीबगर (कोडमधली चूक शोधायचं साधन) लावून बसलो होतो. बिलावर सवलत शून्य येत होती, म्हणून!

बेस (मूळ) क्लासमधली सवलतीची मेथड व्हर्च्युअल, म्हणजे धाकट्या क्लासला बदलून लिहिता येणारी, आणि शेवटी कॉन्स्ट. आमच्या पठ्ठ्याने डिराइव्ह्ड (बेसवरून बनलेल्या, धाकट्या) क्लासमध्ये नाव तेच ठेवलं आणि कॉन्स्ट गाळला. झालं! कंपायलरच्या (कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी ती वेगळीच मेथड. बेसची मेथड ओव्हरराइड झालीच नाही, म्हणजे तिची जागा नव्या मेथडने घेतलीच नाही. बेसच्या पॉइंटरवरून (ऑब्जेक्टचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलवरून) कॉल केला की थोरल्याचंच चालणार, धाकट्याला विचारतो कोण?

अरे, सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून ओव्हरराइड हा शब्द आहे. ओळीच्या शेवटी टाका; जुळलं नाही तर कंपायलर तिथल्या तिथे कान पकडतो. पण नाही. "दादा, मी व्हर्च्युअल लिहिलंय ना!" लिहिलंस राजा, पण त्याने नवीनच व्हर्च्युअल मेथड जन्माला आली! महिन्यातली ही तिसरी वेळ. (बेसचा डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट मोडीत काढताना चालणारी मेथड, तोही व्हर्च्युअल नाही. त्यावर आज बोलायची ताकद नाही.)

सराफ्यात पोचलो तेव्हा गराडूवाला कढई घासत होता.