पोच्या थडग्यावरचा गल्ला

गेल्या शनिवारी बॉल्टिमोरमध्ये भर दुपारी, चार लोकांसमोर, मला आणि माझ्या सासऱ्यांना थडग्यावरचे पैसे चोरणारे ठरवण्यात आलं. रक्कम असेल पंधरा-वीस सेंट. एक्याऐंशी हजार असते तर निदान चोर म्हणून काही इज्जत तरी राहिली असती.

झालं असं की आमचे अण्णा, म्हणजे सासरे, सध्या आमच्याकडे, मेरीलँडमधल्या कोलंबियाला आलेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतले रिटायर्ड मास्तर. मॉल बघून झाले, मंदिर बघून झालं, म्हणून म्हटलं चला तुम्हाला एडगर ॲलन पो या अमेरिकन कवी-कथाकाराची समाधी दाखवतो. फेयेट आणि ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जुन्या चर्चचं आवार आहे, गेटमधून आत शिरलं की कोपऱ्यातच संगमरवरी स्मारक. अण्णा झुंजार आणि काळापहाड वाचत मोठे झालेले, तेव्हा सांगितलं की बाबा, ही सगळी डिटेक्टिव्ह मंडळी ज्याच्या पोटची, तो हा माणूस. 1841 मध्ये याने ड्युपँ नावाचा हेर काढला, होम्सबिम्स सगळे त्याच्यामागून आले. जपानात तर एका रहस्यकथा लेखकाने याच्याच नावावरून स्वतःचं नाव एदोगावा रांपो ठेवलं. अण्णा म्हणाले, "हो का", आणि दगड वाचायला लागले. मास्तर माणूस, वाचणार म्हणजे तपासणारच.

"जन्म 20 जानेवारी."

म्हटलं, "ते चुकलंय अण्णा. 19 जानेवारी 1809 पाहिजे."

"दगडात चुकलंय?" लाल शाई असती तर तिथेच गोल केला असता.

शेजारी पोची बायको व्हर्जिनिया आणि सासू मारिया क्लेम. ही सासू म्हणजे पोची सख्खी आत्याच. अण्णा गंभीर झाले. "आत्याची मुलगी केली? मामाची चालते आपल्याकडे. आत्याची म्हणजे..." त्यावर मी लग्नाच्या वेळी मुलगी तेरा वर्षांची होती हे सांगितलंच नाही, नाहीतर पुढचा सगळा दिवस त्यातच गेला असता.

आता मुख्य मुद्दा. या स्मारकावर लोक पेन्या, म्हणजे एका सेंटची नाणी, ठेवतात. का, तर ते उभारायला शाळकरी पोरांनी एकेक सेंट जमवले होते, एका शिक्षिकेने 1865 मध्ये वर्गणी सुरू केली आणि 1875 मध्ये दगड उभा राहिला. चौथऱ्यावर काळ्या पडलेल्या पेन्यांची रांग असते, त्यातल्या बऱ्याच वाऱ्यापावसाने खाली विटांवर पडतात आणि येणारे-जाणारे त्यांच्यावर पाय देतात. अण्णांना हे बघवेना. गुडघा धरून वाकले, एकेक पेनी उचलली, रुमालाने पुसली आणि चौथऱ्यावर दहा-दहाच्या चळती लावायला लागले. मीपण मदतीला वाकलो. सासरा वाकलाय आणि जावई खिशात हात घालून उभा, हे दिसायला बरं नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सर! सर! ते मेलेल्याचे पैसे आहेत!"

वळून बघतो तर साडेसहा फुटी माणूस. अंगात जांभळी जर्सी, डोक्यावर जांभळी टोपी, टोपीवर प्लास्टिकचा काळा पक्षी, आणि पक्ष्याची मान स्प्रिंगची, त्यामुळे मालक एक वाक्य बोलला की पक्षी तीनदा माना डोलवून अनुमोदन देत होता. त्याच्या एका हातात चिप्सची पिशवी. एका कवीच्या थडग्याशेजारी कुडुम कुडुम चिप्स खाणारा माणूस मला पावित्र्य शिकवत होता!

मी म्हटलं, "आम्ही परत ठेवतोय."

"मी तुम्हाला उचलताना पाहिलं."

"उचलल्याशिवाय ठेवणार कसं?"

यावर त्याने खरंच विचार केला. एक चिप तोंडात टाकली. पक्षी डोलला. "पडलेत तिथेच राहायला हवेत, ही परंपरा आहे. आणि आता पेन्या पाडणंच बंद झालंय, माहितीये ना? रेअर होणार." म्हणजे संशय कुठवर गेला होता बघा. 2025 च्या नोव्हेंबरात पेनी बंद काय झाली, आम्ही थेट नाण्यांचे तस्कर!

मग तो म्हणाला, "तुमच्या देशात थडग्यावरचे पैसे उचलतात का?"

हे मात्र लागलं. वीस वर्षं इथे टॅक्स भरतोय, पण विटेवरची पेनी उचलली की लगेच "तुमचा देश". उत्तर सुचलं ते अर्थातच घरी पोचल्यावर, भांडी लावताना.

मी विचारलं, वाचलंय का तुम्ही पोला? "मॅन, एडगर आमचा आहे," असं म्हणत त्याने छातीवरचा पक्षी ठोकला. त्याचं बरोबरच आहे म्हणा. 1996 मध्ये क्लीव्हलँडहून अमेरिकन फुटबॉलची टीम इथे आली, पेपरने लोकांचा फोनवर कौल घेतला आणि पोच्या 'रेव्हन' (म्हणजे डोमकावळा) या कवितेवरून टीमचं नाव रेव्हन्स पडलं. मॅस्कॉटचं नाव पो. मी म्हटलं, अहो तो जन्मला बॉस्टनला, वाढला रिचमंडला, फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कात नोकऱ्या केल्या, इथे काही वर्षं राहिला तो अर्धपोटी. तर म्हणे, "पण मेला इथेच ना!" मॅच जिंकल्यासारखा हात वर. आणि मग त्या कवितेतलं "वन्स अपॉन अ मिडनाइट ड्रिअरी" एवढंच म्हणून, पुढचं येत नसल्याने, तोंड वर करून जोरात "क्रॉSS" ओरडला. गेटजवळच्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णांनी हळूच विचारलं, "यांचा पितृपक्ष चालू आहे का?"

मेला इथेच! मेला कसा ते विचारा ना. 3 ऑक्टोबर 1849 ला एका गुत्त्याजवळ सापडला, अर्धवट शुद्धीत, अंगावर दुसऱ्याचेच कपडे. त्या दिवशी इलेक्शन होतं आणि तो गुत्ता मतदान केंद्र होता. एक अंदाज असा की गुंडांनी पकडून, पाजून, कपडे बदलून पुन्हा पुन्हा मत द्यायला लावलं. चारच दिवसांत गेला. अण्णांनी आयुष्यभर इलेक्शन ड्युटी केलेली, त्यांचे डोळे पहिल्यांदा चमकले. "बोगस मतदान! शाई लावली असती तर वाचला असता हो."

पुरायला मोजकी माणसं, तीपण घाईत. नातेवाइकाने दगड करायला दिला, तर रुळावरून घसरलेली रेल्वे थेट पाथरवटाच्या आवारात घुसून तोच दगड फुटला. मग मागच्या बाजूला सव्वीस वर्षं धड दगडाशिवाय. ज्या कवितेवर आज स्टेडियम भरतं तिचे त्याला जेमतेम 9 डॉलर मिळाल्याचं सांगतात, आणि आता त्यांच्या टोपीवरचा डोलणारा पक्षीसुद्धा त्याहून महाग असेल. जिवंतपणी एक कोट धड मिळाला नाही आणि मेल्यावर अख्खं शहर त्याचे कपडे घालून फिरतंय. आपल्याकडे काय वेगळं आहे म्हणा, चौकाला कवीचं नाव आणि खाली वडापावची गाडी, पण निदान गाडीवाला पुतळ्याजवळ वाकलेल्याला चोर म्हणत नाही.

शेवटी त्या जर्सीवाल्याने अण्णांच्या चळतींचा फोटो काढला. पुरावा म्हणून की आवडल्या म्हणून, ते कळलं नाही. जाताना बोटांवरचं मीठ जर्सीला पुसून एक चळत मोडली आणि पेन्या पुन्हा विटांवर पसरून ठेवल्या. परंपरेप्रमाणे.

घरी येऊन बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. तिने ते बहिणीला फोनवर सांगितलं, बहिणीने फॅमिली ग्रुपवर टाकलं: "अण्णा आणि जिजाजी अमेरिकेत थडग्यावरचे पैसे उचलताना पकडले गेले." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि सर्वात शेवटी आमच्या मामेसासऱ्यांचा मेसेज, ज्यांना मी कधीच फारसा आवडलो नाही: "किती जमले?"