झुरका मारला की हवं तेच जळतं

सर्दी-तापाची साथ आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना मेसेज हमखास डोकं वर काढतो. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठानं सिद्ध केलंय, गांजानं कोरोना होत नाही. रोज दोन झुरके पुरेत. सीबीडी तेल घेतलं तरी तेच. हेम्पला नशा नसतेच. बियांतही हाच गुण असतो. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं, म्हणून तर भांग!’ (सीबीडी हे गांजाच्या झाडातलं नशा न आणणारं द्रव्य, आणि हेम्प म्हणजे त्याच झाडाचा नशा कमी असलेला प्रकार.)

पाठवणारे आमचे मामा. माणूस प्रेमळ, पण मेसेज पुढे ढकलण्याआधी वाचायची सवय नाही. म्हणून एकदा बसून एकेक वाक्य तपासलं.

‘ओरेगननं सिद्ध केलंय.’ अभ्यास खरा आहे. ओरेगन स्टेट विद्यापीठातले रिचर्ड व्हॅन ब्रीमेन आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध जानेवारी २०२२ मध्ये ‘जर्नल ऑफ नॅचरल प्रॉडक्ट्स’मध्ये आला. हेम्पमधली सीबीडीए आणि सीबीजीए ही दोन आम्लं कोरोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाला चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत, असं त्यात दिसलं. पण त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या. त्या प्रयोगात माणसं नव्हतीच, त्यामुळे ‘होत नाही’ हे मेसेजवाल्यानं पदरचं घातलंय.

‘रोज दोन झुरके.’ इथे मात्र मी कपाळावर हात मारला, कारण मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक हीच आहे. ताज्या झाडात सीबीडी जवळजवळ नसतं, असतं ते सीबीडीए, म्हणजे कॅनाबिडिओलिक आम्ल. नशा आणणाऱ्या टीएचसीचंही तसंच. झाड बनवतं ते टीएचसीए. उष्णता लागली की या आम्लांतून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो आणि मागे वेगळाच पदार्थ उरतो.

कोकणातल्या माणसाला हे काजूवरून चटकन कळेल. काजूच्या टरफलातल्या, हात सोलून काढणाऱ्या तेलात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. बी भाजली की त्यातूनही असाच कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल तयार होतं. कच्च्या टरफलाचं तेल आणि भाजलेल्या टरफलाचं तेल कारखानदारांच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. गांजाच्या बाबतीत मात्र आपण एकाच नावावर भागवतो.

हिशेबही सोपा आहे. सीबीडीएचा रेणुभार सुमारे ३५८, सीबीडीचा ३१४. मधले ४४ गेले हवेत. म्हणजे १०० ग्रॅम आम्ल पूर्ण बदललं तरी हातात सुमारे ८८ ग्रॅमच येतं. हे व्हायला फार उष्णताही लागत नाही. ११० अंश सेल्सिअसला साधारण अर्ध्या तासात टीएचसीए जवळपास संपतं. सीबीडीए जरा चिवट, त्याला वेळ जास्त लागतो. पेटलेल्या विडीच्या टोकाशी तर तापमान ६०० अंशांच्या वर असतं. तिथे आम्लाचा मोठा भाग एक तर बदलतो, नाही तर जळून जातो.

आणि व्हॅन ब्रीमेन यांच्याच चाचणीत सीबीडी आणि टीएचसी काटेरी प्रथिनाला नीट चिकटले नाहीत. म्हणजे ज्या पदार्थाचं कौतुक ऐकून माणूस काडी ओढतो, तोच पदार्थ काडी ओढल्यावर नाहीसा होतो. वर धुरानं फुप्फुसांचं नुकसान, तेही श्वसनाच्या आजाराच्या साथीत!

‘सीबीडी तेलही तेच.’ तेच नाही, हे वर आलंच. पण गोष्ट इथे थोडी गुंतते. त्याच जानेवारी २०२२ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या एका गटानं ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये लिहिलं की पेशींमध्ये शिरलेल्या विषाणूची वाढ शुद्ध सीबीडी रोखतं. त्यांच्या प्रयोगात सीबीडीएचा फारसा उपयोग झाला नाही, आणि टीएचसी मिसळल्यावर सीबीडीचाही गुण उतरला. एक गट दारातली अडवणूक पाहत होता, दुसरा घरात शिरल्यानंतरची. दोन्ही निबंधांची गोळाबेरीज करून ‘गांजा चांगला’ हे उत्तर येत नाही. आणि माणसांवर? ब्राझीलमध्ये सौम्य ते मध्यम कोविड असलेल्या शंभरावर रुग्णांची चाचणी झाली. काहींना रोज ३०० मिलिग्रॅम सीबीडी, काहींना नुसतं तेल, असं १४ दिवस. आजार वाढण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

‘हेम्पला नशा नसते.’ अर्धं खरं. हेम्प आणि गांजा एकाच जातीची झाडं आहेत. फरक टीएचसीच्या प्रमाणाचा, आणि रेषा कायद्यानं आखलेली. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानं ती कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यावर आखली. मग तिथे टीएचसी कमी पण टीएचसीए भरपूर असलेली फुलं ‘हेम्प’ म्हणून विकली जाऊ लागली. कच्ची खाल्ली तर नशा नाही, पेटवली तर सरळ गांजा! तिथल्या कृषी खात्यानं शेतातल्या पिकाची चाचणी करताना टीएचसीएला ०.८७७ नं गुणून टीएचसीत मिळवायचा नियम केला, तो टीएचसीए तापल्यावर टीएचसी होतं म्हणूनच. हा आकडा म्हणजे आपला मघाचाच ३१४ भागिले ३५८.

‘पूर्वजांना ठाऊक होतं.’ काहीतरी नक्कीच ठाऊक होतं, पण मेसेज म्हणतो ते नाही. आयुर्वेदात विजया, म्हणजे भांग, शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. एका पद्धतीत ती पाण्यात धुऊन, वाळवून तुपात परततात. तापलेलं तूप आम्लाचं रूपांतर करतं आणि तयार झालेलं टीएचसी स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणजे परंपरेनं आम्ल जपलं नाही, ते बदलून घेतलं.

बियांचं एका ओळीत: ही द्रव्यं फुलोऱ्यावरच्या सूक्ष्म ग्रंथींत बनतात, बियांमध्ये प्रथिनं आणि तेल असतं, सीबीडीए नावापुरतं.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर मामांचा प्रश्न आला: ‘मग कच्चीच फुलं चावली तर?’ रसायनशास्त्राच्या अंगानं प्रश्न चांगला आहे. पण काचपात्रातल्या पेशींना दिलेली मात्रा चावून रक्तात उतरते असं त्या निबंधानं दाखवलेलं नाही. आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातली गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्याच्या शेंड्यांवर बेतलेली आहे. ते शेंडे जवळ बाळगल्यावर तुम्ही पेटवणार होतात की चावणार होतात, हे पोलीस विचारत बसत नाहीत. मामांनी अंगठा दाखवला. मेसेज मात्र अजून काढलेला नाही.