दुसऱ्या व्हायोलिनची शेवटची रांग

गेल्या महिन्याभरात ओळखीच्या तीन पालकांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. मुलाने वाद्य शिकायला लागून दोन-तीन वर्षे झाली, संगीत परीक्षेच्या एक-दोन ग्रेड चांगल्या गुणांनी पार पडल्या, आणि आता तो वाद्याच्या पेटीला हात लावायला तयार नाही, तर काय करावे? शिक्षक बदलावेत का, सरावाची वेळ बदलावी का, की वाद्यच बदलावे, असे पर्यायही त्यांनी स्वतःच सुचवले. मी तिघांनाही उलट विचारले की तो वाजवतो कोणाबरोबर? तिघांकडेही उत्तर नव्हते, कारण असा प्रश्न असू शकतो हेच त्यांच्या मनात आले नव्हते. माझ्याही मनात तो तीन वर्षे आला नव्हता, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी माझी पात्रता सांगून टाकतो. मी स्वतः कोणतेही वाद्य वाजवत नाही. माझी मुलगी सातव्या वर्षापासून व्हायोलिन शिकते आहे आणि गेली सहा वर्षे तिची पेटी उचलणे, बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, सैल करून ठेवला आहे ना हे पाहणे आणि वर्गाबाहेरच्या बाकावर बसून राहणे एवढेच माझे सांगीतिक शिक्षण. पण त्या बाकावर बसल्या बसल्या बरेच काही दिसते.

पहिल्या तीन वर्षांत आम्ही अगदी शिस्तीने चाललो होतो. आठवड्याला एक तास वर्ग, घरी रोज अर्धा तास सराव, वर्षाला एक परीक्षा. एका परीक्षेचा निकाल लागला की बाई पुढच्या ग्रेडचे पुस्तक मागवायला सांगत आणि मीही तेवढ्याच तत्परतेने ते मागवत असे. त्या पुस्तकातून तीन रचना निवडायच्या आणि वर्षभर त्याच घासायच्या, हा क्रम झाला होता. तिसऱ्या ग्रेडच्या वर्षी त्या तिन्ही रचना मला झोपेतही ऐकू येत. निकाल उत्तम लागला. त्यानंतर काही दिवसांनी घरी आलेल्या पाहुण्यांनी तिला सहज काहीतरी वाजवून दाखवायला सांगितले, तेव्हा ती अगदी निर्विकारपणे म्हणाली, "परीक्षा झाली ना, आता मला काही येत नाही." पाहुणे हसले. मला मात्र त्या वाक्यात आमच्या तीन वर्षांचा हिशेब मिळाला.

दोष परीक्षेचा होता असे मला वाटत नाही, आणि परीक्षांना सरसकट नावे ठेवण्याची जी फॅशन आहे तीही मला पटत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या पायऱ्या असोत किंवा लंडनमध्ये 1889 साली स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्डाच्या आठ ग्रेड असोत, परीक्षेमुळे मुलाच्या हाती एक तारीख येते, अनोळखी माणसासमोर एकदाच आणि न थांबता वाजवण्याची वेळ येते, आणि आई-बाबांच्या कौतुकापलीकडचे कोणाचे तरी मत कागदावर मिळते. हे तिन्ही फायदे खरे आहेत. पण त्या परीक्षेची गुणवाटणी एकदा शांतपणे पाहावी असे मी प्रत्येक पालकाला सांगेन. असोसिएटेड बोर्डाच्या नेहमीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एकूण 150 गुण असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी 100 लागतात. तीन रचनांना प्रत्येकी 30 म्हणजे 90 गुण. उरलेल्या 60 गुणांपैकी 21 स्केल आणि आर्पेजिओला, म्हणजे चढत्या-उतरत्या स्वरमालिकांना, 21 साइट-रीडिंगला, म्हणजे कधीही न पाहिलेली ओळ अर्धा मिनिट पाहून लगेच वाजवण्याला, आणि 18 कानाच्या तयारीला. वर्षातले अकरा महिने आपली मुले त्या 90 गुणांमागे असतात आणि शेवटच्या महिन्यात घाईघाईने त्या 60 गुणांकडे वळतात. वास्तविक संगीत येणे म्हणजे काय याचा मोठा भाग त्या 60 गुणांत आहे: समोर आलेले वाचता येणे, कानाने ओळखता येणे आणि हाताला स्वरांची वाट ठाऊक असणे. आणि या तिन्ही गोष्टी घोकून येत नाहीत. (2020 पासून याच बोर्डाने चार रचनांचे सलग चित्रण पाठवायची वेगळी परीक्षाही सुरू केली आहे. तीत हे 60 गुण नाहीतच. ती सोय अनेकांच्या उपयोगी पडली असेल, पण चौथ्या रचनेत दाराची घंटा वाजल्यामुळे चारही रचना पहिल्यापासून वाजवाव्या लागणाऱ्या मुलाचा चेहरा मी पाहिला आहे.)

तिसऱ्या ग्रेडनंतर आम्ही तिला मुलांच्या एका वाद्यवृंदात घातले. खरे तर घातले म्हणण्यापेक्षा बाईंची नाखुशी पत्करून नेऊन बसवले. पहिल्या तालमीला मला मागे बसू दिले होते, त्यामुळे ते सगळे मी पाहिले आहे. दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत, स्वरलिपीचे कागद ठेवायच्या एका स्टँडवर दोघी, तशी तिची जागा होती. शेजारी तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी मुलगी. संचालन करणाऱ्या सरांनी हात वर केला, वाजवणे सुरू झाले, आणि आमची कन्या चौथ्याच ओळीत हरवली. घरी चुकले की ती थांबते, मागे जाते आणि पुन्हा सुरू करते. इथे कोणीच थांबले नाही, कोणाला थांबायचे कारणही नव्हते. बो हवेत धरून ती कागदाकडे पाहत राहिली. तेव्हा शेजारच्या मुलीने, स्वतःचे वाजवणे न मोडता, एका विरामात बोचे टोक पुढे करून कागदावरची एक जागा दाखवली आणि हळूच म्हणाली, "प्रत्येक बारचा फक्त पहिला स्वर वाजव." उभ्या दोन रेघांमधल्या खणाला बार म्हणतात, हे आता मलाही ठाऊक आहे. पुढची दोन पाने माझ्या मुलीने प्रत्येक खणातला एकेकच स्वर वाजवला, पण तो वेळेवर वाजवला. पहिला महिना तिचे मुख्य काम पान उलटण्याचे होते, कारण एका स्टँडवरच्या दोघांपैकी आतल्या बाजूच्याने पान उलटायचे असते, आणि ते नेमके कधी उलटायचे हे कळण्यासाठी आपण कुठे आहोत हे कळावे लागते. साइट-रीडिंगचा इतका चांगला वर्ग आम्हाला कुठेही मिळाला नसता.

दुसऱ्या व्हायोलिनला बहुधा मूळ चाल नसते, ती पहिल्या व्हायोलिनकडे किंवा बासरीकडे असते. यांनी खालून भरणा करायचा, एकाच स्वरावर चार-चार बार रेंगाळायचे, नाहीतर ठोक्याच्या मधल्या जागी बारीक बारीक वाजवायचे. घरी एकटीने तो भाग वाजवला तर ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नाही. मी एकदा न राहवून विचारले की यात गाणे कुठे आहे, तेव्हा तिने समजावले की गाणे समोरच्या बाजूला आहे आणि तिचा स्वर नसेल तर ते पोकळ वाटते. तिन्ही ग्रेडच्या प्रमाणपत्रांवर हे कुठे लिहिलेले नव्हते.

संघात वाजवण्याचा हा विचार काही नवा नाही. शिनिची सुझुकी (1898–1998) यांची व्हायोलिन शिकवण्याची पद्धत जगभर 'मातृभाषेप्रमाणे संगीत' अशा सूत्राने ओळखली जाते. तिच्यात पालकाने वर्गात बसणे आणि सुरुवातीला स्वतःही थोडे शिकणे अपेक्षित असते हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण एकट्याच्या वर्गाच्या जोडीने सर्वांनी मिळून वाजवण्याचा वर्ग हा त्या पद्धतीचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि वेळ नाही म्हणून आपण नेमका तोच गाळतो. व्हेनेझुएलात होसे आन्तोनियो आब्रेउ यांनी 1975 साली सुरू केलेली 'एल सिस्तेमा' ही संगीतशिक्षणाची योजना तर आणखी पुढे गेली. तिथे वाद्यवृंद हीच शाळा आहे, आणि वाद्य हाती आल्यापासून मूल इतरांबरोबर वाजवू लागते. त्या योजनेवर टीकाही बरीच झाली आहे आणि तिच्यातली काही मला रास्त वाटते, पण आधी वर्षानुवर्षे एकट्याने पक्के व्हायचे आणि मगच चार जणांत बसायचे, या क्रमाला दुसरा पर्याय आहे एवढे तिने नक्कीच दाखवले.

बाईंचा आक्षेप काय होता, तेही सांगायला हवे, कारण तो खोटा नव्हता. गर्दीत मुलाचा बेसूर लपतो. वीस व्हायोलिनांमध्ये एखादे जरासे उतरलेले असले तर त्या मुलाला स्वतःलाही ते ऐकू येत नाही. कठीण जागी बो नुसता हवेत फिरवायचा ही लबाडी मुले फार लवकर शिकतात, आणि आमच्या मुलीनेही ती केली. म्हणून वाद्यवृंदासाठी वर्ग बंद करू नये. उलट वाद्यवृंदाचे कागद वर्गात न्यावेत आणि त्यातल्या अडलेल्या आठ ओळी बाईंकडून दुरुस्त करून घ्याव्यात. आमच्या बाई आधी कुरकुरल्या, पण आता बोची दिशा पेन्सिलीने त्याच लिहून देतात. निपुण होण्यासाठी लागणाऱ्या 10,000 तासांच्या सरावाची जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, तिचे मूळ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या, बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांवरच्या अभ्यासात आहे, आणि तिथेही मोजला होता तो एकट्याने, ठरवून केलेला सराव. त्याला पर्याय नाहीच. माझे म्हणणे एवढेच आहे की तो सराव कशासाठी करायचा, हे मुलाला पुढच्या शनिवारच्या तालमीमुळे जितके कळते तितके सात महिन्यांनंतरच्या परीक्षेमुळे कळत नाही.

घरच्या सरावाबद्दल थोडे सांगतो, कारण पालकांचा सर्वाधिक त्रास तिथेच असतो. ऑस्ट्रेलियात गॅरी मॅकफर्सन आणि सहकाऱ्यांनी नुकतीच वाद्ये हाती घेतलेल्या मुलांचा घरचा सराव चित्रित करून तपासला, तेव्हा असे दिसले की बहुतांश वेळ मुले रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती वाजवत जातात आणि चुकलेली जागा सुधारायला क्वचितच थांबतात. हे मी वाचले तेव्हा आमच्या घरचेच चित्रण कोणी केले की काय असे वाटले. त्यानंतर मी 'अर्धा तास झाला का?' हे विचारणे बंद केले आणि त्याऐवजी 'आज कुठली जागा नीट करायची आहे?' असे विचारू लागलो. ती जागा नीट झाली की नाही हे मला कळत नाही, पण मला दाखवण्यासाठी तिला ती सोडवावी लागते. कधी कधी ते दहाच मिनिटांत होते आणि पेटी बंद होते. सुरुवातीला मला ते फसवणुकीसारखे वाटायचे.

वाद्याबद्दल एकच सूचना करतो. व्हायोलिन, चेलो यांची लहान मापे मुलाच्या हाताप्रमाणेच घ्यावीत, 'वाढत्या अंगाचे' घेऊ नयेत. मोठे व्हायोलिन घेऊन आम्ही एका वर्षात डाव्या मनगटाची जी सवय बिघडवली, ती सुधारायला दोन वर्षे गेली.

पियानो आणि कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांची मला विशेष काळजी वाटते. त्यांना पहिल्या दिवसापासून स्वच्छ स्वर मिळतो, पण वाद्यवृंदात त्यांच्यासाठी फार तर एक जागा असते, बहुधा एकही नसते, आणि ही मुले पाचव्या-सहाव्या ग्रेडपर्यंत अक्षरशः कोणाहीबरोबर न वाजवता पोहोचतात. आपल्या भाषेत यासाठी सुंदर शब्द आहे, साथ. तबला शिकणाऱ्या मुलाला कायद्यांबरोबरच, म्हणजे तबल्याच्या ठरलेल्या बोलरचनांबरोबरच, एखाद्या नवशिक्या गाणाऱ्यामागे साधा ठेका धरून बसायला लावले तर त्याला लय म्हणजे काय हे वेगळ्याच अंगाने कळते, कारण गाणारा घाबरून पळू लागला तर त्याला सांभाळायची जबाबदारी तबलेवाल्यावर येते. पियानोच्या मुलालाही अशीच एखाद्या बासरीची किंवा व्हायोलिनची साथ करू द्यावी, किंवा एकाच पियानोवर दोघांनी चार हातांनी वाजवण्याच्या रचना द्याव्यात. अशा सोप्या रचना विपुल आहेत, कमतरता आहे ती दोन मुलांच्या पालकांनी एकमेकांना फोन करण्याची.

त्या तीन पालकांपैकी एकाने तो फोन केला आहे. त्यांचा पियानो शिकणारा मुलगा आणि शेजारची बासरी शिकणारी मुलगी दर रविवारी एकत्र बसतात. पहिल्या दोन बैठका एकत्र सुरुवात कशी करायची यावर भांडण्यात गेल्या असे कळले, आणि मला ते उत्तम लक्षण वाटते.

आमच्याकडे पाचव्या ग्रेडची परीक्षा आम्ही एका सत्राने पुढे ढकलली आहे, कारण ती वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाच्या आठवड्यातच येत होती. बाईंना ते अजून पूर्ण पटलेले नाही. मुलगी अजूनही दुसऱ्या व्हायोलिनमध्येच आहे, फक्त आता शेवटून दुसऱ्या रांगेत.